मापाच्या वहीची मागची पानं

वहीच्या पुढून मापं:
वंदना इंगळे, छाती छत्तीस, बाही नऊ, गळा पानाचा.
आचल भोयर, अस्तर लावून, लग्न एकवीसला.
मागून, वही उलटी धरून, माझं डोकं:
डावी बाजू. सकाळी दहा ते रात्री आठ.
दोन उलट्या. जेवण नाही.

दारव्ह्याच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, लिहीत जा.
मी म्हटलं, दुखत असताना कोण लिहिते मॅडम?
त्या म्हणाल्या, मग दुखून झाल्यावर लिही,
विसरायच्या आधी.
खरंच, विसरते बाई.
बाळंतपण विसरते तशी.

अर्धशिशी सांगून येते माझी.
उजव्या कोपऱ्यात पिकोचा टाका सुरू होतो,
नागमोडी, चांदीच्या दोऱ्याचा,
खाली साडी नाही, काठ नाही,
तरी सरकत जातो, सरकत जातो
आणि सुईचं नेढं गिळून टाकतो.
तिथून माझ्या हातात वीस मिनिटं.
वीस मिनिटांत एक हूकपट्टी होते.
कितीतरी वर्षं मी हूकपट्टीच लावत बसले.

आता आधी गोळी.
मग तांब्याभर पाणी, मग आतली खोली,
जिथे खिडकीला काळ्या अस्तराचं
दुहेरी कापड ठोकलंय मी.
एप्रिल असला तरी कूलर बंद,
त्याच्या ओल्या गवताचा वास तेव्हा
नाकातून थेट डोळ्यामागे जातो.

उपाय सांगणारे कमी नव्हते.
पंचफुलामावशीने सूर्य उगवायच्या आत
दूध-जिलेबी खाऊ घातली, सात रविवार.
जिलेबी चांगली होती.
सुंठ झाली, लवंग झाली, फडक्याने डोकं आवळणं झालं.
एकजण कपाळाला डाग देतो म्हणाला,
त्याच्या अंगणातून चपला सोडून पळाले.

चार महिने वही भरली, तेव्हा दिसलं:
चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी हमखास.
पाळीच्या आदल्या दिवशी.
फवारणीत, वारा वावराकडून असला की.
आणि मिरची दळायच्या दिवशी.

हे यांना कसं सांगायचं?
चक्की यांची. मशीन माझी. मधे भिंत एकच.
"डोकं तं सगळ्याइचंच दुखते," म्हणायचे.
खोटं नव्हे, यांचंही दुखायचं,
चहा घेतला की जायचं.

मागच्या उन्हाळ्यात, लग्नसराईत,
चांदीचा टाका दिसला, मी आत गेले.
भिंत थरथरत होती,
थरथर दाढांत उतरत होती.
मग थांबली.
मला वाटलं, पट्टा सुटला.
बाहेर यांचा आवाज, दबका:
"लाइन गेली नं बाई. संध्याकाळी या."

माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता.
समोर वानखडेंच्या टीव्हीत
कोणीतरी साबण विकत होतं.
रांगेत सहा-सात जणी तरी असतील.
आता कोणीतरी म्हणेलच,
मनोहरभाऊ, लाइन तं हाये.
मी उशीखाली कान धरून वाट पाहिली.
डब्यांच्या कड्या वाजल्या, हळू.
चपला सरकल्या.
एकीचं लेकरू काही बोलू लागलं
आणि त्याच्या तोंडावर हात आला असावा.

त्या तारखेपुढे लिहिलंय:
डावी बाजू. साडेतीन तास. उलटी नाही.
लाइन गेली होती.

यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

बरी झाले असं नाही.
महिन्याला नऊ होत्या, आता चार, कधी पाच.
चतुर्थीचा उपास सोडला, गणपतीला सांगून.
मिरची मंगळवारीच दळतात,
मंगळवारी मी काजबटणाला दारव्ह्याला जाते,
येताना एसटीत उन्हाकडची खिडकी घेत नाही.

काल मात्र उशीर झाला गोळीला.
आचलची डावी बाही उलटी लागली.
लग्न एकवीसला.
उसवायला बसते,
अजून उजेड सोसतोय तोवर.